आरसा की एलईडी? शाळेच्या मायक्रोस्कोपला उजेड कुठून द्यावा

शाळेसाठी साधा मायक्रोस्कोप घ्यायला निघालात की भिंगं बहुतेक मॉडेलांत सारखीच मिळतात. खरी निवड तळाशी असते: फिरता आरसा, की बसवलेला एलईडी दिवा. मी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात दोन्हींवर मुलांना शिकवतो. आमचं काम मुख्यतः मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाण्यातले जीव बघायचं आणि आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाईल लावून त्यांचे फोटो, व्हिडिओ घ्यायचं. तेव्हा हे मत त्या कामापुरतं समजा.

एलईडीची सोय मोठी आहे. वर्ग कुठल्याही कोपऱ्यात भरवा, आभाळ कसंही असो, उजेड तेवढाच. चार्जिंगवालं मॉडेल असेल तर लाईन गेली तरी तास बुडत नाही. १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगावरून ४० पटवाल्यावर गेलं की चित्रातला उजेड निम्म्याहून कमी होतो, आणि आषाढातल्या भरल्या आभाळाखाली आरसा तिथे उणा पडतो. मोबाईल मग आपणहून एक्सपोजर, म्हणजे उजेड घेण्याचा वेळ, वाढवतो. पॅरामेशियम हा एकपेशीय जीव सेकंदाला साधारण १ मिलिमीटर पळतो, म्हणजे १/३० सेकंदात ३० मायक्रॉनच्या वर सरकतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फोटोत त्याच्या कडेची लव पार पुसली जाते. १/२५० वर तेच सरकणं ४ मायक्रॉन. पळता जीव पकडायचा तर भरपूर उजेड हवाच.

इथवर एलईडीचं पारडं जड वाटेल. पण १० च्या भिंगावर पूर्ण उजेड डोळ्यांना झोंबतो, म्हणून मुलं नॉब अर्ध्यावर आणतात. डोळ्याला चित्र छान दिसतं. मोबाईल लावला की मात्र स्क्रीनवर काळे पट्टे सरकू लागतात. "सर, हे पट्टे कायचे दिसून राहिले?" हा प्रश्न ठरलेला. असे कित्येक नॉब दिवा खरोखर मंद करत नाहीत, तो झपाट्यानं चालू-बंद करत राहतात. मोबाईलचा सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो. दिवा बंद असताना वाचलेल्या ओळी काळ्या पडतात. एक्सपोजर लांबवलं की पट्टे विरतात, पण जीव पुसट होतो. आखूड केलं की जीव ठसठशीत येतो आणि पट्टेही गडद. या कात्रीनंच माझं मत ठरलं. नॉब पूर्ण ठेवून दिव्यावर पातळ कागद ठेवता येतो, पण भरल्या वर्गात ते दर वेळी कोण सांभाळणार? डायफ्रॅम (उजेडाची वाट लहान-मोठी करणारी झडप) आवळावा तर कडा जाड होऊन बारकावे जातात.

सगळ्याच एलईडींत हा दोष असतो असं नाही. दुकानातच नॉब अर्ध्यावर करा, मोबाईलचं एक्सपोजर प्रो मोडमध्ये (हातानं सेटिंग करायच्या मोडमध्ये) १/१००० सेकंदावर ठेवून दिव्याकडे धरा. पट्टे आले नाहीत तर खुशाल घ्या.

आरशाला हा त्रास नाही, कारण आभाळाचा उजेड लुकलुकत नाही. उन्हाळ्यात आम्ही आरसा समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवतो. तिच्यावर ऊन पडलेलं असताना आखूड एक्सपोजरलाही उजेड पुरतो. थेट सूर्याकडे मात्र आरसा कधीच वळवू नका, डोळा जाईल. पावसाळ्यात आरशासमोर साधी टॉर्च ठेवतो. आणखी एक गंमत एलईडीवर इतकी सहज जमत नाही: आरसा किंचित तिरपा केला की काचेसारखे पारदर्शक जीव एका बाजूनं उजळून उठावदार दिसतात. माझ्या मुलांना पॅरामेशियमच्या तोंडाकडची खाच पहिल्यांदा अशीच दिसली.

रात्री काम असेल, किंवा १०० च्या, स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगावर रक्ताच्या स्लाइड बघायच्या असतील तर एलईडीच घ्या. दिवसा भरणाऱ्या शाळेला मी तरी आरसा सुचवेन. घेताना आरसा दुहेरी आहे ना ते बघा: कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) असेल तर सपाट बाजू वापरायची, नसेल तर अंतर्वक्र.