राइमन की ऑप्री हाउस? डिसेंबरात नॅशव्हिलला जाणाऱ्यांसाठी

अटलांटातली दिवाळी संपली की आमच्या ओळखीत कुणी ना कुणी विचारतंच, "ख्रिसमसचा कंट्री संगीताचा कार्यक्रम बघायला नॅशव्हिलला जायचंय, कुठलं तिकीट काढू?" कार्यक्रम ढीगभर असतात, पण बोलणं शेवटी दोन जागांवर येऊन थांबतं. एक, गावाच्या मधोमध असलेलं राइमन हे जुनं प्रेक्षागृह. दुसरं, कंबरलँड नदीच्या वळणावरचं ग्रँड ओल ऑप्री या कंट्री गाण्यांच्या कार्यक्रमाचं सध्याचं घर, ऑप्री हाउस. मी दोन्ही ठिकाणी जाऊन आलोय, 2022 आणि 2024 च्या डिसेंबरात, दोन्ही वेळा आई-बाबांना घेऊन. हिवाळ्यात सहसा कुणी आई-वडिलांना इकडे बोलावत नाही, पण आमच्या लेकीचा वाढदिवस डिसेंबरात येतो. तेव्हा पुढचं सगळं एका कुटुंबाचा दोन संध्याकाळींचा अनुभव समजून वाचा.

आधी एक घोळ मिटवतो. तिकिटावर 'ऑप्री' लिहिलंय म्हणजे ऑप्री हाउसच, असं नाही. 1943 ते 1974 ऑप्री राइमनमध्येच होती आणि अलीकडेही ती थंडीत अधूनमधून काही दिवस जुन्या घरी मुक्कामाला येते. म्हणून कार्यक्रमाच्या नावावर जाऊ नका, जागा वाचा. आमच्या एका मित्राने वाचली नव्हती. कार्यक्रम सुरू व्हायला अर्धा तास असताना तो चुकीच्या इमारतीसमोर उभा होता, बायको शेजारी. पुढचं तो सांगत नाही.

दोन्हीकडच्या कार्यक्रमांचा ढंगच वेगळा. ऑप्री मुळात रेडिओवरचा कार्यक्रम, 28 नोव्हेंबर 1925 पासून चालू असलेला, आणि ती सवय अजून सुटलेली नाही. एक कलाकार येतो, दोन-तीन गाणी म्हणतो, जातो, दुसरा येतो. मध्ये निवेदक, कधी एखादा विनोदवीर. ख्रिसमसच्या खेळांनाही तोच साचा. सवाई गंधर्वला एकेका गायकाला निवांत तासभर मिळतो, त्या सवयीने गेलात तर गाणं रंगायला लागलं की माणूस उठून गेला असं वाटत राहील. उलट कंट्री फारसं ऐकलेलं नसेल तर हेच बरं, एखादा आवडला नाही तरी दहा मिनिटांत सुटका. राइमनला डिसेंबरात जे होतं ते बहुधा मैफलीच्या वळणाचं: एखादी जोडी किंवा एखादा गट पूर्ण संध्याकाळ आपल्या हातात ठेवतो. विन्स गिल आणि एमी ग्रँट हे गायक नवरा-बायको कित्येक वर्षं डिसेंबरात तिथे ख्रिसमसचे कार्यक्रम करत आले आहेत. तिकडे गाणाऱ्याला गप्पा मारायला वेळ असतो, आणि गाण्यांइतकीच गंमत कधीकधी त्या गप्पांत असते.

बसण्याबद्दल सगळे विचारतात. बाक दोन्हीकडे आहेत, चर्चमधल्यासारखे लांबलचक. ऑप्री हाउसचे गादीवाले. राइमनचे जुन्या ओकच्या लाकडाचे, कडक, आणि हात टेकायला मध्ये काही नाही. त्यात डिसेंबर, म्हणजे प्रत्येकाच्या मांडीवर जाडजूड कोट. आईने मध्यंतरात आपल्या कोटाची घडी करून खाली घेतली आणि माझाही मागून घेतला. तळमजल्यावर बाल्कनी तोलणारे खांब आहेत. ही बाल्कनी मागाहून, 1897 साली, यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी घातली गेली. तेव्हा तिकीट काढताना अडथळ्याची सूचना दिसली तर ती खरी माना. थोडे पैसे वाचतात, पण गिटार एकीकडून दिसते आणि गाणारा दुसरीकडून. बाल्कनीच्या पुढच्या रांगा मिळाल्या तर मी खालच्या महागड्या जागांपेक्षाही त्या घेईन.

लहान मुलं बरोबर असतील तर मात्र मला ऑप्री हाउसच्या बाजूने बोलावं लागेल. जवळच्या मोठ्या हॉटेलात ख्रिसमसला लाखो दिवे लावतात, काचेच्या छताखाली बागा आहेत, आणि लेकीला विचाराल तर आमच्या 2022 च्या सहलीत गाणं वगैरे नव्हतंच, फक्त ते दिवे होते. ऑप्री हाउसच्या स्टेजच्या मधोमध लाकडाचा एक गोल आहे, सहा फुटांचा, राइमनच्या जुन्या स्टेजमधून कापून आणलेला. देव नव्या देवळात नेला पण पायरी जुन्या देवळाची, तसं. मे 2010 च्या पुरात ऑप्री हाउसमध्ये पाणी शिरलं, तो गोलही बुडाला. मग तो दुरुस्त करून परत बसवला आणि त्याच सप्टेंबरात कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. गाणारे त्या गोलात पाऊल ठेवताना क्षणभर खाली बघतात. बाबांनी हे पहिल्या दहा मिनिटांत टिपलं, मला त्यांनी दाखवल्यावर दिसलं.

आता ज्या गोष्टीवर माझं ठरलं ती सांगतो. ती गाण्याशी संबंधित नाही, म्हणून थोडा संकोच वाटतो.

ऑप्री हाउसमध्ये साधारण 4,400 माणसं मावतात. आम्ही गेलो तो शनिवार होता. शेवटी सगळ्या कलाकारांनी मिळून ख्रिसमसचं एक जुनं, शांत भजन घेतलं आणि आख्खं प्रेक्षागृह त्यात हळूच सामील झालं. आईला शब्द येत नव्हते, पण सूर तिने बरोबर उचलला होता. गुणगुणतच ती गाडीपर्यंत आली. आणि मग आम्ही पार्किंगमध्ये अडकलो. दोष कुणाचाच नाही. ही सगळी माणसं एका वेळी बाहेर पडतात, शेजारी मॉल, ख्रिसमसच्या खरेदीचा शनिवार, पलीकडून दिवे बघून परतणाऱ्यांच्या रांगा, आणि या सगळ्यांना जायचं एकाच मोठ्या रस्त्याला. मी घड्याळ लावलं नव्हतं. पण येताना घेतलेली जॉर्जियाच्या भाजक्या शेंगांची पिशवी बाबांनी जागेवरच फोडली होती, आणि आम्ही हायवेला लागलो तेव्हा तिच्यात फक्त टरफलं होती. मोठी पिशवी होती. मधे कुठेतरी मागच्या गाडीने हॉर्न वाजवला आणि आईचं गुणगुणणं थांबलं. नंतर ते सुरू झालं नाही. "ते काय गं म्हणत होतीस?" मी विचारलं, तर म्हणाली, "गेलं डोक्यातून."

एवढंच. पण दोन वर्षांनी तिकिटं काढायला बसलो तेव्हा मला दुसरं काही आठवेना.

राइमनमधून बाहेर पडलात की थेट रस्त्यावर येता, पूर्वीच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर, ज्याला आता नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांचं नाव आहे. उजवी-डावी नीट ठरवा, कारण एका बाजूला हाकेवर ब्रॉडवे आहे आणि तिथे प्रत्येक बारच्या खिडकीतून वेगळा बँड वाजत असतो. भजनानंतर तिकडे वळणं म्हणजे आरती झाल्याबरोबर डीजेसमोर जाणं. आम्ही गाडी मुद्दाम उलट दिशेला, चर्च स्ट्रीटच्याही पुढे लावली होती. पैसे भरपूर पडले, आकडा सांगत नाही, बाबांनाही सांगितला नव्हता. पण रात्री तिकडे ऑफिसांच्या बंद इमारती आणि शांतता. दहा-बारा मिनिटं चाललो, आई कोटाच्या कॉलरमध्ये तोंड खुपसून गुणगुणत होती.

आणि राइमनमधला आवाज. माझ्याकडे मोजायला काही नाही, कान तेवढे आहेत. एका गाण्याला गायकाने माइक बाजूला केला, स्टेजच्या कडेला आला आणि नुसता गायला. बाल्कनीत आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला. ही वास्तू 1892 ची, टॉम राइमन नावाच्या, नदीवर बोटी चालवणाऱ्या कॅप्टनने एका प्रवचनकारासाठी बांधवलेली. माइक यायच्या आधीचीच. माइकशिवाय ऐकू येणं हेच तिचं मूळ काम. ऑप्री हाउसचा आवाजही स्वच्छ आहे, तक्रार करायला जागा नाही. पण तो स्पीकरमधून येतोय हे कळतं.

बाबांचं प्रकरण वेगळं. त्या वर्षी, 2024 च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं होतं. 1915 चं, शाहू महाराजांनी उभारलेलं, बाबांच्या तरुणपणाचा अर्धा भाग तिथे गेलेला. राइमनच्या बाकाच्या पाठीवर ते बराच वेळ हात फिरवत होते. मी त्यांना सांगितलं की 1974 ला ऑप्री इथून गेली तेव्हा ही इमारत पाडून तिच्या विटांतून एक छोटं चर्च बांधायचाही बेत होता. मग वर्षानुवर्षं ती नुसती पडून होती. 1991 मध्ये एमीलू हॅरिस या गायिकेने इथे ध्वनिमुद्रणासाठी कार्यक्रम केले तेव्हा बाल्कनीत किंवा बाल्कनीखाली कुणाला बसू देत नव्हते, इतकी अवस्था नाजूक. त्यानंतर लोकांचं लक्ष गेलं, दुरुस्ती झाली आणि 1994 ला ती पुन्हा उघडली. "म्हणजे गाऊन वाचवली," बाबा म्हणाले आणि मध्यंतर संपेपर्यंत पुढे बोलले नाहीत.

तेव्हा मुलं लहान असतील, कंट्री नवीन असेल, कंबर धरत असेल तर ऑप्री हाउस घ्या, पस्तावणार नाही. शक्यतो मधल्या वारी जा, शनिवारी नको. बाकीच्यांनी राइमनचा विचार करावा असं मला आपलं वाटतं. अटलांटाहून निघणार असाल तर वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, तो तास माँटीगलच्या घाटासाठी राखून ठेवा.

यंदा आई गुडघ्यामुळे नको म्हणतेय, बाबांनी मात्र आत्ताच विचारून झालंय. मी राइमनच्या बाल्कनीतल्या पुढच्या रांगा शोधतोय. नाही मिळाल्या तर ऑप्री हाउस आहेच, शेंगांच्या दोन पिशव्या घेऊ.