‘मी चोर आहे’ हे तो स्वतःच सांगत होता

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, आमच्या गिल्डमधले, म्हणजे गेममध्ये एकत्र खेळणाऱ्या टोळीतले, सगळे हसून झालेत. ऑनलाइन फँटसी गेममधल्या एका सावकाराने मला 1,26,564 गोल्डला गंडवलं. गोल्ड खोटं असेल हो, पण ते कमवायला जागलेल्या रात्री खऱ्या होत्या ना.

हा प्राणी राजधानीच्या गटारातल्या खानावळीत बसायचा. काळा झगा, चॅटवर पण त्याच थाटात, "हप्ता चुकला तर माझी माणसं पोर्टलवर उभी असतील." व्याजाने गोल्ड द्यायचा, कुठे न मिळणारा माल आणून द्यायचा, दोन गिल्डची भांडणं मिटवायची सुपारी घ्यायचा. आणि मला ते भारी वाटायचं! काय रोलप्ले करतो राव, पात्रात शिरून खेळतो, असं मीच चार जणांना सांगत फिरलो होतो.

लिलावात ड्रॅगनचं अंडं निघालं, 70,000 ला. माझ्याकडे 34,500. त्याच्याकडून 40,000 उचलले, त्यातले 4,000 दलाली म्हणून आधीच कापले, म्हणजे हातात 36,000 आणि व्याज मात्र पूर्ण 40,000 वर, आठवड्याला 10 टक्के चक्रवाढ. गहाण माझी +9 ची, म्हणजे नऊ वेळा ताकद वाढवलेली, कुऱ्हाड, बाजारात डोळे मिटून 1,10,000 ची. गहाण म्हणजे काय, तर ट्रेड विंडोतून सरळ त्याच्या खिशात, गेमच्या लेखी ती भेटच. साक्षीला एक "मुनीम" आणलेला, लेव्हल 12, अंगावर सुरुवातीचे फाटके कपडे. तो त्याचाच दुसरा अकाउंट होता हे आता शेंबडं पोरही सांगेल. समोरच्याने आणलेला साक्षीदार कधी मान्य करू नका.

चार आठवड्यांनी 58,564 घेऊन गेलो, एक गोल्ड कमी नाही. आणि इथे माती खाल्ली. त्याने विंडोत कुऱ्हाड ठेवली, मी नीट बघितली, जांभळी चौकट, +9, सगळं बरोबर. मग ट्रेड कॅन्सल. "लॅग आहे रे." परत उघडली, परत कॅन्सल. तिसऱ्यांदा चित्र तेच, नाव तेच, पण चौकट निळी. निळी, म्हणजे हलक्या दर्जाची! कोपऱ्यातला +9 पण गायब. मला ते दिसलं होतं हो, पण रात्रीचा एक वाजलेला, व्हॉइसवर 19 जण माझ्या नावाने शिव्या घालतायत कारण टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा, मीच आणि बॉस, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायचा बडा राक्षस, 5 मिनिटांत उगवणार, अशा वेळी तुम्ही काय भिंग घेऊन बसला असता? दाबलं अ‍ॅक्सेप्ट. हातात आली 6,000 ची कुऱ्हाड. ट्रेड एकदा जरी कॅन्सल झाला तर वस्तूवर कर्सर नेऊन पहिल्यापासून वाचा, लॅगबिग काही नसतं.

सपोर्टला तिकीट टाकलं, सहा स्क्रीनशॉट जोडले. तीन दिवसांनी उत्तर, "खेळाडूंमधल्या आपसातल्या व्यवहारांत आम्ही पडत नाही", तिकीट बंद, आणि खाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली म्हणे! दुसरं तिकीट टाकलं, त्याला तेच उत्तर, कॉपी-पेस्ट, माझं नाव पण चुकवलेलं. मग चिडून सगळ्यांच्या चॅटवर त्याचं नाव घेऊन सावध राहा म्हटलं तर 24 तास म्यूट कोण झालं? मी. बदनामी केली म्हणून. चोराला काही नाही आणि बोंब मारणाऱ्याच्या तोंडात बोळा. हे काही नवीन नाही म्हणा, 2009 मध्ये ईव्ह ऑनलाइन या गेममधल्या खेळाडूंच्या बँकेच्या प्रमुखाने सुमारे 200 अब्ज आयएसके (त्या गेममधलं चलन) उचलले, त्याला बॅन केलं ते चोरीसाठी नाही, तो पैसा खऱ्या पैशात विकला म्हणून. गिल्डलीडर तर म्हणाला, "अरे त्याचं कॅरेक्टरच चोराचं आहे, तू कशाला गेलास?" बरोबर आहे, चोराचा वेष घालून चोरी केली की ती कला.

स्क्रीनशॉट घेऊ नका, व्हिडिओ चालू ठेवा, कॅन्सल झालेला ट्रेड स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही. गेममध्ये पैसे भरल्यावरच वस्तू सुटते अशी मेलची सोय असेल तर तीच वापरा. आणि अंड्यातून ड्रॅगन निघायला अजून दोन महिने आहेत, ते वेगळंच.

परवा त्याचाच मेसेज आला. "+9 ची कुऱ्हाड आहे, जुनी ओळख म्हणून 95,000 ला देतो." मी ब्लॉक केलं. म्हणजे आधी 80 ला देतोस का विचारलं, मग ब्लॉक केलं.