ओआरएसची पुडी: औषध चोख, गडबड भांड्यात

गॅस्ट्रोची साथ आली की मेडिकलच्या काउंटरवर तीन गोष्टी मागितल्या जातात: ‘इलेक्ट्रॉल’ (म्हणजे ओआरएस, जुलाबात पाण्यात कालवून पाजायची मीठ-ग्लुकोजची पुडी; कुठल्याही कंपनीची असो, आपल्याकडे नाव हेच), जुलाब बंद करायची गोळी आणि ‘ते ओआरएसचं ज्यूस’. पहिली घ्या. गोळी लहान मुलाला देऊच नका. तिसऱ्याबद्दल पुढे.

आधी आजाराचं थोडक्यात. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत पाण्यासारखे जुलाब सुरू झाले की रोटाव्हायरसचा संशय पहिला, मोठ्यांत आणि एकाच पंगतीतल्या दहाजणांना एकदम त्रास झाला तर नोरोव्हायरसचा. दोन्ही विष्ठेतून हाताला आणि हातातून तोंडाला जातात, आणि आजार व्हायला विषाणूचे मोजके कण पुरतात. जुलाब थांबल्यावरही काही दिवस ते शौचातून बाहेर पडत राहतात, म्हणून लंगोट बदलल्यावर साबण-पाणीच हवं. नुसतं सॅनिटायझर चोळून नोरोव्हायरस धड मरत नाही. या दोघांवर विषाणू मारणारं औषध नाही आणि अँटिबायोटिकचा त्यांच्यावर काडीचा उपयोग नाही. आजार आपला आपण बरा होतो. तोवर अंगातलं पाणी आणि मीठ टिकवायचं, एवढीच लढाई. ती लढायला पुडी आहे.

पुडीत काय असतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५. चव आणि रंग धरून आपल्याकडची मोठी पुडी २१.८ ग्रॅमची येते. विषाणूने आतड्याच्या अस्तराची नासधूस केली तरी ग्लुकोज आणि सोडियमला जोडीने आत घेणारी यंत्रणा बरीचशी चालू राहते, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. म्हणजे साखर इथे ताकदीसाठी नाही, मिठाला दार उघडून देण्यासाठी आहे. जुनं सूत्र याहून दाट होतं (दाटपणाच्या मापात लिटरला ३११, आता २४५ मिलिऑस्मोल). पातळ केल्यावर उलट्या कमी झाल्या आणि सलाईन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशाने घटली. १९७१ साली, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही आपल्याकडे ‘डॉक्टर, एक सलाईन लावूनच टाका’ हा हट्ट काही सुटत नाही.

पुडीला गुण द्यायचे तर पैकीच्या पैकी. वीस-पंचवीस रुपयांत लिटरभर औषध, आणि सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे फुकट. सगळी गडबड कालवताना होते.

पहिली चूक म्हणजे मोठी पुडी पेल्यात रिकामी करणं. एका लिटरची पुडी २०० मिलीत टाकली की सोडियम पाचपट होतं, लिटरला ३७५ मिलिमोल. समुद्राच्या पाण्यातल्या सोडियमच्या तीन चतुर्थांशाहून जास्त! असं पाणी तहान भागवत नाही, वाढवतं. मूल चिडचिडं होतं, आणि रक्तातलं सोडियम चढलं तर झटकेही येऊ शकतात. दुसरी चूक उलटी: चव खारट लागते म्हणून तांब्याभर जास्त पाणी किंवा वरून दोन चमचे साखर. तिसरी, चमच्या-चमच्याने भुकटी काढून उरलेली पुडी चिमटा लावून ठेवायची. भुकटी ओल धरते, आणि प्रत्येक चमच्यात चारही घटक सारख्या प्रमाणात येतील याची खात्री नसते.

लिटर मोजायचं कसं? स्वयंपाकघरातला ‘एक तांब्या’ कधी ७०० मिलीचा निघतो, कधी सव्वा लिटरचा. फ्रिजमधल्या बाटल्याही फसव्या. सोपा उपाय: सकाळी अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या एका पातेल्यात ओता, पातळी कुठवर येते ते बाहेरून खिळ्याने कोरून ठेवा. झालं लिटरचं माप. नाहीतर लेबलवर एक लिटर छापलेली पाण्याची बाटली घ्या, थोडं पाणी काढा, पुडी अख्खी टाका, काढलेलं पाणी परत भरा, हलवा. पाणी उकळून गार केलेलं असावं, पण पुडी टाकल्यावर उकळू नका. दूध, सरबत, सोडा यांत कालवू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी आमची पसंती ४.४ ग्रॅमच्या छोट्या पुडीला. ती २०० मिलीसाठी असते. लिटरमागे महाग पडते खरी, पण वाया जात नाही आणि पेल्यातली चूक आपोआप टळते.

पाजायचं किती? दोन वर्षांखाली दर जुलाबामागे ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांना १०० ते २०० मिली, मोठ्यांनी हवं तेवढं. डोळे खोल गेलेत, मूल अधाशासारखं पितंय, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसतेय, तर किलोला ७५ मिली या हिशेबाने चार तासांत, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ७५० मिली. आणि हे डॉक्टरांच्या नजरेखाली. बाटलीने गटागटा पाजलं की उलटी ठरलेली, आणि मग ‘पाणीसुद्धा पोटात ठरत नाही’ म्हणून पाजणंच बंद होतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग ५ मिलीचा चमचा दर दोन मिनिटांनी. हिशेब करा: तासाला १५० मिली, चार तासांत ६००. कंटाळवाणं काम आहे, आजी-आजोबांना पाळी लावा.

आता ती तिसरी गोष्ट, ‘ओआरएसचं ज्यूस’, म्हणजे टेट्रा पॅक. ‘ओआरएस’ अक्षरं नावात घालून फळांच्या चवीची गोड पेयं वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध आठेक वर्षं झुंज दिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात, मागे-पुढे काही जोडूनसुद्धा, हा शब्द वापरायला बंदी केली. नावं बदलली, पण फळीवर जागा बहुधा तीच. म्हणून नाव वाचू नका, मागची बाजू वाचा. १०० मिलीत ग्लुकोज १.३५ ग्रॅमच्या आसपास हवं. तिथे साखर ८-१० ग्रॅम लिहिलेली असेल तर ते सरबत. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. सूत्राप्रमाणे बनवलेलं तयार ओआरएसही टेट्रा पॅकमध्ये मिळतं. प्रवासात ते उत्तम, घरी उगाच महाग. नुसती ग्लुकोजची भुकटी यात मोडत नाही, तिच्यात मीठच नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम तोकडं, तेव्हा जोडीला चालेल, पुडीऐवजी नाही. मीठ घातलेली भाताची पेज, ताक, वरणाचं पाणी मात्र खुशाल द्या. अंगावरचं दूध तर अजिबात तोडू नका.

मधुमेह्यांनी पुडी टाळू नये, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज ही फार मोठी रक्कम नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

पुडीसोबत झिंक मागायला विसरू नका. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, १४ दिवस. लोक तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की बंद करतात. कोर्स पुरा केला तर पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाबही कमी होतात. रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रांत ६, १० आणि १४ व्या आठवड्याला तोंडावाटे मोफत मिळते. यातली रोटासील ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. नोरोव्हायरसवर लस बाजारात नाही.

शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, मूल झोपाळलेलं किंवा पीतच नाही, तर पुडीवर वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. तिथे सलाईनचा हट्ट योग्य. आणि घरात ठेवलेल्या पुड्या पावसाळ्याआधी एकदा चाचपून पाहा: आत खडा झाला असेल किंवा भुकटी तपकिरी पडली असेल तर तारीख शिल्लक असली तरी टाकून द्या.