हनीफारूचा मांटा: तिकीट काढण्याआधी पंचांग बघा

मालदीवच्या बा अटोलमधल्या (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनीफारू बे या खाडीत मांटा रे हे पंखांसारखे पसरट मासे दाखवायला नेणाऱ्या स्नॉर्कलिंगच्या सहली धारवंधू बेटावरून निघतात. बोटीने जेमतेम दहा मिनिटं. पैसे वसूल होतात, पण तारीख चुकली तर नुसतं निळं पाणी बघून परतायचं.

हंगाम जून ते नोव्हेंबर. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारेच तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढवतात. मांटाचं खाणं तेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे प्लवक नरसाळ्यासारख्या खाडीत ढकललं जातं आणि तिथेच कोंडतं. म्हणून खोली रिकामी कधी आहे हे नंतर विचारा. आधी भरतीची वेळ विचारा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या पौर्णिमेला धरून चार दिवस मुक्काम ठेवलात तर उत्तम. एका दिवसाची धावती सहल म्हणजे जुगार.

मांटा म्हणजे आपल्या पाखटाचाच भाऊबंद, फक्त शेपटीला विषारी काटा नाही. इथला रीफ मांटा साधारण तीन-साडेतीन मीटर रुंद असतो. तोंडाशेजारचे शिंगासारखे दोन पडदे उलगडून तो पाणी आत घेतो आणि ते कल्ल्यांवाटे सोडतो. गंमत अशी, की प्लवकाचे कण कल्ल्यांच्या जाळीवर आपटून उसळतात आणि घशाकडे जातात. त्यामुळे चहाची गाळणी तुंबते तशी ही जाळी तुंबत नाही. प्लवक दाट असलं की तो जागच्या जागी कोलांट्या घेतो. फोटो तेव्हाच काढा: पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरूनच त्याची ओळख पटते.

नियम कडक आहेत आणि ते तसेच हवेत. 2012पासून स्कूबा बंद, पाण्यात फक्त 45 मिनिटं, परवानाधारक गाइड सक्तीचा, फ्लॅश नाही, अंतर किमान तीन मीटर. हात लावू नका. कातडीवरचा चिकट थर निघाला की जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते.

सहलीची खरी पारख गाइडवरून होते. चांगला गाइड सगळ्यांना पृष्ठभागावर आडवं, निश्चल ठेवतो. मांटा आपण होऊन खालून जातो. वाईट गाइड लोकांना त्याच्या मागे पोहायला लावतो. पायातल्या फिन्सची (पोहायच्या वल्ह्यांची) फडफड सुरू झाली की मांटा खाणं सोडून खोल जातो, आणि 45 मिनिटांतली वीस तिथेच संपतात. मास्क मात्र घरून न्या. भाड्याचा बहुधा गळतो, आणि मिशा असतील तर हमखास. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहण्याचा अंगासरशी शर्ट) घाला.