थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष की आपले राष्ट्रपती? बाजू घेण्याआधी

नाशिकच्या महाविद्यालयांतल्या वादविवाद स्पर्धांमध्ये ‘भारताने अध्यक्षीय शासनपद्धती स्वीकारावी’ हा विषय फिरून फिरून येतो. निफाड-पिंपळगावकडे पारावर तोच विषय साध्या शब्दांत निघतो: वर एकच खमका माणूस बसवा, त्याने सही केली की काम झालं पाहिजे. अनुकूल बोलायचं की प्रतिकूल, हे ठरवताना बहुतेक जण अधिकारांची यादी काढायला बसतात आणि तिथेच फसतात. कागदावर भारताच्या राष्ट्रपतींची यादी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या यादीइतकीच भारदस्त दिसते. त्यापेक्षा तीन गोष्टी तपासा: निर्णय खरोखर कोण घेतो, त्याला कोण अडवतो आणि तो चुकला तर घरी कसा जातो.

आपल्याकडची सही

कलम ५३ प्रमाणे केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे आहे, सेनादलांचे सर्वोच्च सेनापतीही तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाशिकरोडला गांधीनगर विमानतळावर आर्मी एव्हिएशन कोअरला ध्वज प्रदान करायला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद आले होते, ते याच नात्याने. पण फौज कुठे पाठवायची हे मंत्रिमंडळ ठरवतं. कलम ७४ म्हणतं, सल्ल्याप्रमाणे वागायचं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन स्पष्ट शब्दांत घातलं, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक फट ठेवली: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. पुन्हा तोच आला तर मानावाच लागतो.

ही फट लहान असली तरी बिनकामाची नाही. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली, तेव्हा गुजराल सरकारने ती सोडून दिली. २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक, म्हणजे कोणती सरकारी पदं घेतली तरी खासदारकी जाणार नाही हे ठरवणारं, अब्दुल कलाम यांनी परत केलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली. झैलसिंग यांनी तिसरीच वाट काढली. टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयकावर त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. कलम १११ मध्ये मुदतच लिहिलेली नसल्याने ते तसंच पडून राहिलं आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार सरकारला देणारं ते विधेयक होतं, म्हणून त्या पडून राहण्याचं मला समाधानच वाटतं. तरीही मुदत नसणं हा दोष आहे, कारण पुढचं पडून राहणारं विधेयक चांगलं असू शकतं.

उलट बाजूही बघा. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. म्हणून तर ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये जे पाहिलं ते कुणी विसरलेलं नाही. १२ तारखेला लागलेली राष्ट्रपती राजवट २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. पंतप्रधानांनी सरकारी कामकाजाच्या नियमांतली खास तरतूद वापरली आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली. त्या पहाटे राष्ट्रपतींनी एकदा तरी ‘फेरविचार करा’ म्हणायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. अधिकार होता, वापरला गेला नाही.

निवडीबद्दल थोडक्यात. राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही, पण आपले खासदार आणि आमदार निवडतात. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. नाशिक जिल्ह्यातल्या १५ आमदारांचं मिळून २,६२५. शेजारच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये याच पद्धतीने पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

अमेरिका: मोठा अधिकार, मोठी भांडणं

तिथे राष्ट्राध्यक्ष स्वतःच सरकार चालवतो. मंत्री तो नेमतो, फक्त सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. विधेयकावर नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांना दोन तृतीयांश मतांनी तो मोडावा लागतो, जे क्वचित जमतं. मुदत चार वर्षांची, आणि १९५१ पासून दोनदाच निवडून येता येतं.

पण पैशाची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, आहे आणि न्यायालयही बसलेलं आहे. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना संप होणार म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत तो आदेश रद्द केला. युद्धाच्या काळातही राष्ट्राध्यक्षाला असं थांबवता येतं, हे अनुकूल बाजूने बोलणाऱ्याने अभिमानाने सांगावं.

अडचण येते ती दोघंही हटून बसले की. आपल्याकडे सिन्नर, येवला, मनमाडच्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, म्हणजे कामं कशी रखडतात ते त्यांना ठाऊक आहे. ही थेट निवड राज्यात २०१६ मध्ये आणली गेली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. अमेरिकेत हेच देशाच्या पातळीवर होतं. २०१८-१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून ३५ दिवस अनेक सरकारी खाती बंद होती आणि लाखो कर्मचारी पगाराविना राहिले.

फ्रान्सने मधला मार्ग काढला: थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला उत्तर देणारा पंतप्रधान. संसद विरोधात गेली की राष्ट्राध्यक्षाचा घरगुती कारभारावरचा ताबा सुटतो. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी जून २०२४ मध्ये संसदेचं कनिष्ठ सभागृह विसर्जित केलं, आणि पुढच्या सव्वा वर्षात दोन पंतप्रधान संसदेतल्या मतदानात पडले.

कांद्याच्या जिल्ह्याने श्रीलंकेकडे बघावं

श्रीलंकेत १९७८ पासून कार्यकारी राष्ट्राध्यक्ष आहे. २०२० च्या २० व्या दुरुस्तीने गोटाबाया राजपक्षे यांच्या हाती आणखी सत्ता दिली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी जाहीर केली. तयारी नाही, शेतकऱ्यांशी बोलणं नाही. भाताचं उत्पादन पडलं, चहाचं पडलं, आणि नोव्हेंबरपर्यंत माघार घ्यावी लागली. परकीय चलनाचं संकट आधीच होतं, त्यात ही भर. त्यांना हटवायला संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागलं असतं. ते जमलं नाही; जुलै २०२२ मध्ये लोक थेट त्यांच्या निवासस्थानात शिरले आणि ते देश सोडून गेले. खमक्या माणसाची एक सही शेतीचं काय करते, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

मात्र प्रतिकूल बोलणाऱ्याने फार खूश होऊ नये. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी एका अधिसूचनेने रातोरात लावली आणि लासलगावचे लिलाव विस्कटले. ती मे २०२४ पर्यंत टिकली. जून २०२० चे तीन कृषी वटहुकूमही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आणि राष्ट्रपतींच्या सहीनेच निघाले होते. संसदीय पद्धतीतही घिसाडघाई होते.

घरी कोण पाठवतो?

माझ्या लेखी फरक इथे पडतो. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांवर चार वेळा महाभियोग चालला. सिनेटने एकालाही दोषी ठरवलं नाही. काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे नाशिकला आपले वाटणारे डॉ. आंबेडकर यांनी १९४८ मध्ये घटना समितीत हीच निवड मांडली होती: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि घटनेच्या मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं.

अनुकूल बाजूचा सगळ्यात धारदार मुद्दा इथेच आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार पक्षादेशाविरुद्ध मत देऊ शकत नाही. दिलं तर सदस्यत्व धोक्यात. मग संसद पंतप्रधानाला जाब विचारते असं किती जोरात म्हणायचं? अमेरिकी सिनेटर आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत देऊन खुर्चीवर राहतो.

तरी मी प्रतिकूल बाजूच घेईन, कारण दुरुस्ती सोपी कुठे आहे तेही पाहावं लागतं. राष्ट्रपतींची निवड थेट करायची तर कलम ५४ आणि ५५ बदलावी लागतील, त्याला निम्म्या राज्यांची मान्यता लागेल, आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालामुळे (घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, असा तो निकाल) हा वाद न्यायालयात जाईलच. कलम १११ मध्ये सहीची मुदत घालायला संसदेचं विशेष बहुमत पुरेसं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की अशी मुदत न्यायालय घालू शकत नाही. म्हणजे ते काम संसदेचंच उरतं. पक्षांतरबंदी फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरती ठेवली, तर खासदाराला निर्यातबंदीवर आपल्या जिल्ह्याच्या बाजूने मत देता येईल.