गिअरबॉक्स बदलला, क्लच सुटेना: हवा काढायची कोणती पद्धत?

नवा गिअरबॉक्स चढला, क्लचचं पेडल मात्र थेट तळाला जातंय, म्हणजे क्लचच्या ऑईल लाइनमध्ये बहुधा हवा शिरली आहे. ती काढायची पद्धत निवडण्याआधी स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडच्या मास्टर सिलिंडरने ढकललेल्या ऑईलच्या दाबाने क्लच सोडवणारा) कुठे आहे ते बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

जुन्या जीप चेरोकीचंच घ्या. 1987 ते 1989 च्या चार लिटर इंजिनच्या गाड्यांतला प्यूजो गिअरबॉक्स काढून अमेरिकेत लोक आयसिन कंपनीचा एएक्स-15 गिअरबॉक्स बसवतात. 1993 पर्यंतच्या एएक्स-15 चा स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत, इनपुट शाफ्टभोवती असतो. 1994 पासून तो बाहेर आला आणि फोर्क (क्लच सोडवणारी तरफ) ढकलू लागला. मला विचाराल तर बाहेरचाच घ्या. आतला गळला की गिअरबॉक्स पुन्हा खाली.

दोघांनी मिळून करायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्लेव्हवरचं हवा काढायचं निपल सोडून परत आवळायचं, तोवर पेडल वर येऊ द्यायचं नाही. खर्च शून्य. ब्रेकला ती चालते, पण कोरड्या पडलेल्या क्लच लाइनमध्ये पेडलचा एक दाब पुरत नाही. बुडबुडे थोडे खाली सरकतात आणि पुन्हा वर चढतात. निपल उघडं ठेवून ऑईल आपोआप ठिबकू देणं संथ आहे, तरी आतल्या स्लेव्हला मी सुरुवात इथूनच करीन. फक्त पाइप मध्येच उंच वळलेला नको, हवा तिथे अडकते. व्हॅक्यूम पंप झटपट, पण फसवा: निपलच्या आट्यांतूनच हवा ओढतो, नळीतले बुडबुडे थांबत नाहीत आणि काम झालं की नाही ते कळतच नाही.

बाहेरच्या स्लेव्हला मात्र उलटी पद्धत सरस. मास्टरवरची ऑईलची डबी जवळजवळ रिकामी करायची, सिरिंज आणि नळी हवा न ठेवता भरायची, निपलातून सावकाश वर ढकलायचं. हवेला वरच जायचंय, तिला वाट मिळते. डबी ओसंडली तर लगेच पाणी ओता; क्लचमध्येही असतं ते ब्रेक ऑईलच, ते रंग खातं. शेवटी स्लेव्हचे बोल्ट काढून त्याला निपल वर येईल असं धरा आणि अंगठ्याने त्याचा फोर्क ढकलणारा दांडा हळूहळू आत दाबा. डबीत बारीक बुडबुडे फुटताना दिसतात. तेवढ्यात कुणी पेडल मारलं तर पिस्टन बाहेर उडेल, म्हणून गाडीत कुणाला बसवू नका.

एवढं करूनही गिअर खरखरत असेल तर बाटल्या रिकाम्या करत बसू नका. दोन-चार वेळा भराभर पंप केल्यावर गिअर पडतो? मग हवा उरली आहे. दाबून धरलेलं पेडल सावकाश खाली बसतं आणि बाहेर कुठे गळती नाही? मास्टरचा सील गेला. पेडल कडक आहे, तरी क्लच सुटत नाही? दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजा. अदलाबदलीत मास्टर एका गाडीचा आणि स्लेव्ह दुसऱ्या गाडीचा असला की हिशेब चुकतो: पाऊण इंच व्यासाच्या मास्टरवर 7/8 इंच व्यासाचा स्लेव्ह लावला तर मास्टरचा पिस्टन 30 मिमी सरकला तरी दांडा जेमतेम 22 मिमी सरकतो. तिथे कुठलंच ब्लीडिंग (हवा काढणं) उपयोगाचं नाही, जोडीच बदलावी लागते. आणि दांडा पुरेसा सरकत असेल तर दोष आत आहे, फोर्क, बेअरिंग किंवा उलटी बसलेली क्लच प्लेट. गिअरबॉक्स उतरवायला लागा.