सव्वादोन वर्षांच्या वापरानंतर: फोन टिकला, पण सुरक्षा पॅच नेहमीच शिळा मिळाला

जिंतूर तालुक्यातील एका गावात मी बीसी सखी, म्हणजे बँकेची गावातील प्रतिनिधी, म्हणून काम करते. २०२३ च्या दिवाळीत १५,९९९ रुपयांना घेतलेला हा फोन तेव्हापासून रोज माझ्या कामात आहे. त्याला ओटीजी केबलने अंगठा मशीन जोडायचे आणि गावातील लोकांना आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढून द्यायचे, हे माझे काम. कॅमेरा, स्क्रीन आणि प्रोसेसर यांविषयी भरपूर लिहून आले आहे. बॅटरी अजूनही संध्याकाळपर्यंत पुरते आणि दोनदा फरशीवर पडूनही काच शाबूत आहे, एवढे सांगून मी तो विषय सोडते. मला लिहायचे आहे ते सेटिंगमध्ये खोलवर असलेल्या एका ओळीविषयी. त्या ओळीत 'अँड्रॉइड सुरक्षा अपडेट' असे लिहिलेले असते आणि तिच्याखाली एक तारीख असते: फोनमध्ये बसलेला सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षा त्रुटींची दुरुस्ती, कधीपर्यंतची आहे ते ती सांगते. फोन घेताना ती मला कोणी दाखवली नाही आणि मीही विचारली नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये फोनने रात्रीतून अपडेट घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी निराधार योजनेचे पैसे जमा झाले होते आणि आमच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसे बसली होती. मी मशीन जोडले, पण त्याचा लाल दिवा लागला नाही. केबल बदलली, पिन पुसली, फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी फोनला मशीन दिसेना. तेच मशीन दिरांच्या फोनला लावले तर दिवा लगेच लागला, म्हणजे दोष मशीनचा नव्हता. मात्र माझी नोंदणी माझ्याच फोनवर असल्याने त्यांच्या फोनवरून व्यवहार करता येत नव्हते. वस्तीवरून चालत आलेल्या एका आजींनी विचारले, "बाई, मशीन लागंना का? मग पैसे निघतेत का नाही आज?" मला त्यांना परत पाठवावे लागले. औषधासाठी पैसे हवे आहेत, असे त्या सांगून गेल्या, आणि ते मला अजून विसरता आलेले नाही.

तिसऱ्या दिवशी मी एसटीने परभणीला सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथल्या मुलाने फोन पाहिला आणि म्हणाला, "ताई, अपडेट करताच कशाला? फोन चालतोय ना, मग अपडेट बंदच ठेवायचं." मी जुने सॉफ्टवेअर परत टाकून द्या म्हटले, तर ते आता मागे नेता येत नाही असे उत्तर मिळाले. हे त्याचे म्हणणे खरे होते. अँड्रॉइड ८ पासून फोन सुरू होताना सॉफ्टवेअरची तपासणी करण्याची जी व्यवस्था आहे, तिच्यात जुनी आवृत्ती नाकारण्याची सोय आहे, कारण अपडेटने बुजवलेले सुरक्षेतील भोक पुन्हा उघडायचे असेल तर जुने सॉफ्टवेअर टाकणे हाच चोराचा सर्वात सोपा मार्ग असतो. पण मग अपडेटने बिघडलेली गोष्ट दुरुस्त करायची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. 'सॉफ्टवेअर नॉर्मल' असा शेरा मारलेला कागद आणि तपासणीचे २०० रुपये घेतल्याची पावती, एवढे घेऊन मी परत आले. कंपनीच्याच अपडेटमुळे उद्भवलेल्या दोषाच्या तपासणीचे पैसे ग्राहकाने का द्यायचे, हे मी तिथे तीन वेळा विचारले. वॉरंटी संपली आहे, हेच उत्तर तीन वेळा मिळाले.

त्या रात्री मी ती ओळ पहिल्यांदा नीट पाहिली. तारीख होती ५ एप्रिल २०२५. ऑगस्टमध्ये आलेले 'नवे' अपडेट एप्रिलचे होते.

या तारखेचा अर्थ समजून घेतल्यावर माझा राग वाढला. स्टेजफ्राइट नावाची मोठी त्रुटी उघड झाल्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगल अँड्रॉइडमधील सुरक्षा त्रुटींचे पत्रक दर महिन्याला प्रसिद्ध करते. त्यातील दुरुस्त्या आधी चिप बनवणाऱ्या आणि मग फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हातून गेल्यावरच आपल्या फोनपर्यंत पोहोचतात. मुद्दा असा की पत्रक जाहीर होण्याच्या किमान एक महिना आधी फोन कंपन्यांना या त्रुटी कळवलेल्या असतात. म्हणजे एप्रिलची दुरुस्ती ऑगस्टमध्ये देणाऱ्या कंपनीला ती मार्चमध्येच माहीत होती. त्यातही एप्रिल २०२५ च्या पत्रकात लिनक्स कर्नलच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्याच्या, यूएसबी ध्वनीशी संबंधित भागातील दोन त्रुटी होत्या आणि त्यांचा मर्यादित प्रमाणात, नेमक्या लोकांविरुद्ध गैरवापर होत असल्याची शक्यता गूगलने स्वतःच नोंदवली होती. ज्या फोनच्या यूएसबी छिद्रात मी दिवसभर केबल लावते आणि ज्याच्यावर लोक विश्वासाने अंगठा ठेवतात, त्या फोनवर या दुरुस्तीला चार महिने लागले.

सर्व्हिस सेंटरमधील सल्ला मी मानला नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका त्रुटीची दुरुस्ती दिली होती, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा सायबर हल्ला जगभर पसरला तेव्हा ज्यांनी ती दोन महिने टाकली नव्हती त्यांचेच संगणक प्रामुख्याने सापडले. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की भोक कुठे आहे हेही सर्वांना कळते. त्यामुळे उशीर हा निरुपद्रवी नसतो. माझ्या जुन्या विंडोज लॅपटॉपच्या बाबतीत निदान दिवस तरी ठरलेला आहे: महिन्याचा दुसरा मंगळवार, २००३ पासून. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी सकाळी चार्जर लावून मी ते काम उरकते. फोनच्या बाबतीत असा कोणताच दिवस कंपनी सांगत नाही.

एका बाबतीत मात्र मला माझे मत बदलावे लागले. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होते की हा फोन चार महिने उघडाच होता. नंतर त्याच पानावर खाली 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' ही दुसरी ओळ सापडली आणि तिची तारीख बरीच अलीकडची होती. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग, उदाहरणार्थ ध्वनी-चित्रफिती उलगडणारा भाग, गूगल फोन कंपनीला वगळून थेट पाठवते. ते लागू होण्यासाठी फोन पुन्हा सुरू करावा लागतो आणि मी तर तो महिना-महिना बंद करत नव्हते. तेव्हापासून दर रविवारी रात्री फोन रीस्टार्ट करते. म्हणजे तेवढ्यापुरती चूक माझी होती. तरीही कर्नल आणि चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) या मार्गाने दुरुस्त होत नाहीत, ते कंपनीच्याच अपडेटमधून येतात, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

आता चांगली गोष्टही त्याच प्रामाणिकपणे लिहिते. एकोणीस दिवसांनी, सप्टेंबरमध्ये, ४१० एमबीचे एक अपडेट आले. ते उतरत आणि बसत असताना मी व्यवहार करतच होते, कारण नवी प्रत फोनमधील वेगळ्या जागेत बसवली जाते आणि रीस्टार्टनंतर फोन त्या प्रतीवर जातो. तीन मिनिटांत फोन पुन्हा सुरू झाला, मशीन जोडले आणि लाल दिवा लागला. तारीख पाहिली तर ५ ऑगस्ट २०२५. ऑगस्टचा पॅच सप्टेंबरमध्ये! या फोनवर इतका ताजा पॅच मला पूर्वी कधीच मिळाला नव्हता. कंपनीला हे जमते, हे त्या दिवशी कळले. बिघाड कशाने झाला होता, हे मात्र कंपनीने कुठेही लिहिले नाही.

आकाराविषयीही सांगते. आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट २.३ जीबीचे होते आणि माझा पॅक दिवसाला दीड जीबीचा आहे. एका दिवशी अर्ध्याहून जास्त उतरले, नेट संपले आणि उरलेले दुसऱ्या दिवशी घेतले. दोन्ही दिवस दुपारनंतर व्यवहारांसाठी नेट उरले नाही. मासिक पॅच वेळेवर घेत गेले तर फक्त बदललेला भाग येतो आणि तो लहान असतो, म्हणून साठवून ठेवण्यात बचत नाही.

खरेदीच्या वेळी मला 'चार वर्षे सुरक्षा अपडेट' असे सांगितले होते. ती चार वर्षे फोन बाजारात आला त्या दिवसापासून, म्हणजे मार्च २०२३ पासून मोजली जातात, मी पैसे दिले त्या दिवसापासून नव्हे. अठ्ठेचाळीस महिने धरून मी महिन्याला ३३३ रुपये असा हिशेब केला होता; हाती आले चाळीस महिने, म्हणजे महिन्याला ४०० रुपये. जुने मॉडेल स्वस्तात मिळते ते यामुळेही. युरोपात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट द्यावी लागतात. माझ्या मते मोजणीची योग्य पद्धत तीच आहे. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ यांना सात वर्षांचे आश्वासन आहे, पण ते फोन माझ्या ऐपतीबाहेरचे आहेत आणि ओट्यावर बसून पैसे काढून देणाऱ्या बाईला सुरक्षितता ते फोन वापरणाऱ्यांइतकीच लागते.

कंपनीवर अन्याय नको म्हणून हेही नोंदवते की प्रत्येक रिकामा महिना तिच्या खात्यावर टाकता येत नाही. जुलै २०२५ च्या गूगलच्या पत्रकात एकही दुरुस्ती नव्हती, तर सप्टेंबरच्या पत्रकात शंभराहून जास्त होत्या. म्हणून सप्टेंबरच्या पॅचची मी वाट पाहत होते. तो डिसेंबरमध्ये आला.

व्यवहारांच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी आता दोन रकाने आखले आहेत: पॅचची तारीख आणि तो हातात आल्याची तारीख. नवीन फोन घेणाऱ्या दोघींना मी दुकानात याच ओळीपर्यंत नेले. एका दुकानदाराने मांडणीतला फोन उघडून दाखवला तेव्हा त्यावर सात महिन्यांपूर्वीची तारीख होती आणि आम्ही तो घेतला नाही. माझ्या वहीतील शेवटची नोंद ५ सप्टेंबर २०२५ आणि १२ डिसेंबर २०२५ अशी आहे. आज फेब्रुवारी २०२६ सुरू आहे, त्याखालची ओळ रिकामी आहे आणि मार्च २०२७ ला तेरा महिने उरले आहेत.